खाणीत उतरण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

भूमिगत कोळसा खाणींत हवा खेळती ठेवणे, म्हणजेच वायुवीजन, हे माझे काम. खाण बघायला येणाऱ्यांना उतरण्याआधी नियम समजावून सांगण्याची जबाबदारीही अनेक वर्षे माझ्याकडेच होती. कोळसा खाणीच्या भेटीविषयी मासिकाने मागवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : पाहुण्यांवर एवढे निर्बंध कशाला? माझ्या अनुभवात पाहुण्यांचा प्रत्येक नियम दोन गोष्टींवर येऊन थांबतो. तुम्ही कोणत्या हवेत उभे आहात, आणि तुम्ही तिथे आहात हे वर कुणाला ठाऊक आहे का. पुढची उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमचे विद्यार्थी भूमिगत कोळसा खाण बघायला जाणार आहेत. सूचनापत्रात मोबाइल, घड्याळ, कॅमेरा, लायटर यांना बंदी आहेच, पण चॉकलेटवरचा चंदेरी कागद आणि सिंथेटिक कपडेसुद्धा नकोत म्हणतात. मुले हसतात. त्यांना काय सांगू? — एक प्राध्यापिका

उत्तर : त्यांना आधी मिथेनबद्दल सांगा. जमिनीखाली वनस्पतींचा कोळसा होत असताना मिथेनही तयार झाला आणि कोळशाच्या बारीक छिद्रांत, भेगांत दाबाखाली अडकून बसला. कोळसा फोडला की तो सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की स्फोट होऊ शकतो, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत जोरदार असतो. १५ टक्क्यांच्या वर जळायला पुरेसा ऑक्सिजन उरत नाही, पण म्हणून तिथे निर्धास्त राहता येत नाही. ताजी हवा मिसळली की तेच मिश्रण पुन्हा स्फोटक होते. शिवाय मिथेन हवेपेक्षा हलका आहे, तो छताखाली थर धरतो. तुम्ही चांगल्या हवेत श्वास घेत असता आणि डोक्यावर हातभर अंतरावर वेगळीच हवा असू शकते.

आता ठिणगीचे बघा. मिथेन पेटायला एका मिलिज्यूलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा पुरते. सिंथेटिक कपडा अंगावर घासून साठलेली स्थिर वीज एवढी ऊर्जा सहज देऊ शकते. चंदेरी कागदाची गोष्ट मुलांना रसायनशास्त्राच्या तासालाच सांगण्यासारखी आहे. ॲल्युमिनियमचा पातळ लेप गंजलेल्या लोखंडावर बसला आणि त्यावर काही आपटले, तर ॲल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन खेचून घेतो आणि अतितप्त ठिणग्या उडतात. खाणीत गंजलेले लोखंड पावलोपावली असते.

मग खाली विजेवर चालणारी यंत्रे कशी चालतात, असे एखादा हुशार मुलगा विचारेलच. त्याचे दोन मार्ग आहेत. मोठ्या मोटारी आणि स्विच ज्वालारोधक पेटीत बसवतात. त्या पेटीत गॅस शिरून आतल्या आत स्फोट झाला तरी पेटी फुटत नाही, आणि जोडांच्या अरुंद फटींतून बाहेर येईपर्यंत ज्वाला थंड होते. दूरध्वनी, गॅसमापक अशा लहान उपकरणांत मुळात एवढी कमी ऊर्जा खेळवतात की ठिणगी पडली तरी गॅस पेटत नाही. या दुसऱ्या मार्गामागे एक दुःखद प्रसंग आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगेनिथ खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार गेले. विजेच्या इशारा-घंटीच्या ठिणगीवर तेव्हा संशय घेतला गेला, आणि कोणती ठिणगी गॅस पेटवते आणि कोणती नाही यावर पुढे नेटाने संशोधन झाले. तुमच्या मुलांच्या खिशातला मोबाइल या दोन्हींपैकी कुठल्याच कसोटीवर तपासलेला नसतो. प्रश्न रेंजचा नाही, त्यातल्या बॅटरीचा आहे.

प्रश्न : मोबाइल पूर्ण बंद करून खिशात ठेवला तर? — एक विद्यार्थी

उत्तर : नाही. बंद केल्याने बॅटरी रिकामी होत नाही. तो वर लॉकरमध्ये ठेवा.

प्रश्न : पूर्वी खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेत असत, हे खरे आहे का? तो मरू द्यायचे का? — नववीतली एक वाचक

उत्तर : हो, खरे आहे. कॅनरी नावाचा छोटा पिवळा पक्षी. तो मिथेनसाठी नव्हता, कार्बन मोनॉक्साइडसाठी होता. हा वायू आग लागल्यावर किंवा स्फोटानंतर तयार होतो आणि त्यालाही वास नसतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटींहून अधिक जोराने धरून ठेवते, त्यामुळे हवेत ऑक्सिजन असूनही शरीराला तो मिळत नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने खाणस्फोटांत मेलेल्या माणसांचा अभ्यास केला. १८९६ मध्ये त्याने दाखवून दिले की बहुतेकजण स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, नंतरच्या या विषारी हवेने गेले होते. लहान, उष्ण रक्ताचा प्राणी भराभर श्वास घेतो, म्हणून त्याच्यावर माणसाआधी परिणाम दिसतो. पक्षी काठीवर डगमगला की माणसांनी मागे फिरायचे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून तुला बरे वाटेल. काही पिंजऱ्यांना वर छोटे ऑक्सिजनचे नळकांडे जोडलेले असे. पक्षी कोसळला की पिंजऱ्याचे दार लावून आत ऑक्सिजन सोडत आणि तो पुन्हा उठून बसे. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ च्या सुमारास निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मापक आले.

पक्ष्याच्याही आधी दिवा होता. १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत ९२ जण स्फोटात गेले. त्यानंतर हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असलेला दिवा केला. जाळीची धातू ज्वालेची उष्णता पसरवून टाकते, त्यामुळे आतला गॅस पेटला तरी ज्वाला बाहेर पडत नाही. आणि गंमत अशी की मिथेन असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसायची. तिच्या उंचीवरून जाणकार माणूस प्रमाण सांगायचा. ऑक्सिजन फार कमी झाला की दिवाच विझायचा. एकाच दिव्याने उजेडही मिळाला आणि दोन मोजमापेही.

प्रश्न : उतरण्याआधी कमरेला एक जड डबा बांधला आणि घाईघाईत काहीतरी समजावले. मला त्यातले काही कळले नाही. तो ऑक्सिजन सिलिंडर होता का? — एक वाचक

उत्तर : तुम्हाला कळले नव्हते तर तुम्हाला खाली न्यायलाच नको होते. हे मी स्पष्ट लिहितो, कारण भेटीच्या दिवशी याच पाच मिनिटांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. पाहुणे उतावीळ असतात, अधिकाऱ्याला पाळीचे काम असते, आणि डबा बांधून मोकळे होतात. पुढच्या वेळी डबा उघडून, तोटी तोंडात धरून सराव करायला सराव-संच मागा. तो प्रत्येक खाणीत असायला हवा.

त्या डब्याला सेल्फ रेस्क्यूअर म्हणतात. त्याचे मुख्य दोन प्रकार. जुन्या, गाळणी प्रकारात मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण असते. तुम्ही त्यातून हवा ओढली की ते कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करते. हा डबा ऑक्सिजन तयार करत नाही, म्हणून आसपासच्या हवेतच ऑक्सिजन कमी असेल तर त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारात पोटॅशियम सुपरऑक्साइड असते. तुमच्या उच्छ्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी त्याची क्रिया होऊन ऑक्सिजन सुटतो आणि छातीवरच्या पिशवीत जमतो. बाहेरच्या हवेशी त्याचा संबंधच राहत नाही.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, आणि ती जीव वाचवते किंवा घेते. आतली हवा गरम आणि कोरडी होते. गाळणीच्या डब्यात तर बाहेर विष जितके जास्त, तितकी हवा अधिक गरम. घशाला चटका बसतो, वाटते की डबा बिघडला, आणि माणूस तोटी काढून टाकतो. ती काढायची नाही. गरम हवा येते आहे याचा अर्थ डबा काम करतो आहे. बोलण्यासाठीसुद्धा तोटी काढू नका. सोबतच्याला काही सांगायचे असेल तर खांद्यावर थोपटा, दिव्याने खुणावा. आणि पळू नका. पळणाऱ्याचा डबा चालणाऱ्याच्या आधी संपतो.

एका वाचकाने दाढी काढावी लागेल का असे विचारले आहे. या डब्यासाठी नाही, कारण तोटी दातांत धरायची असते आणि नाकाला चिमटा असतो. धुळीचा मुखवटा घालायचा असेल तर मात्र दाढीमुळे कडेने फट राहते आणि धूळ आत जाते.

प्रश्न : ठरलेल्या दिवशी आम्ही खाणीवर पोहोचलो आणि “वायुभारमापक उतरला आहे, आज भेट नाही” असे सांगून परत पाठवले. हवामानाचा जमिनीखालच्या खाणीशी काय संबंध? — सहलीचे आयोजक

उत्तर : तुमची निराशा समजते, पण त्या दिवशी तुम्हाला परत पाठवणाऱ्याने आपले काम नीट केले. संबंध थेट आहे. कोळसा काढून सोडून दिलेल्या पोकळ भागाला गोफ म्हणतात. तिथे छत कोसळलेले असते, कुणी जात नाही, आणि वायू साठतात. बाहेर हवेचा दाब उतरला की गोफातला वायू फुगून चालत्या मार्गांत येऊ लागतो. दाब भराभर उतरत असेल तर गॅसची मोजणी वाढवतात, आणि पाहुण्यांना खाली नेण्याचे काही कारणच उरत नाही.

खाणीतली हवा आपोआप आत येत नाही. जमिनीवर एक प्रचंड पंखा असतो. बहुतेक ठिकाणी तो हवा आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. ताजी हवा एका मार्गाने खाली जाते, कोळसा तोडायच्या तोंडापर्यंत पोहोचते, तिथला गॅस, धूळ, उष्णता घेऊन दुसऱ्या मार्गाने वर येते. पहिल्याला आवक, दुसऱ्याला जावक म्हणा. पाहुण्यांना शक्यतो आवकेच्या बाजूने नेतात. दोन्ही मार्ग जिथे जोडले जातात तिथे दारे असतात, एकामागे एक दोन. पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. दोन्ही एकदम उघडली तर हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि पुढे तोंडावर काम करणाऱ्यांना ती मिळत नाही. गटातला एखादा माणूस मागच्यासाठी म्हणून सौजन्याने दार धरून ठेवतो. खाणीत ते करू नये. पंखा बंद पडला तर सगळ्यांना बाहेर काढतात, पाहुणे असोत वा कामगार.

बाहेर पडायला दुसरी वाट असणे हीदेखील पूर्वी सगळीकडे अट नव्हती. १६ जानेवारी १८६२ रोजी इंग्लंडमधल्या हार्टली खाणीत पाणी उपसणाऱ्या यंत्राची अजस्र तुळई मोडून शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीत, पडली. खाणीला तो एकच शाफ्ट होता. २०४ पुरुष आणि मुलगे गेले, बहुतेक आत अडकून. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दोन स्वतंत्र वाटांचा कायदा झाला. तुम्हाला उतरण्याआधी नकाशावर दुसरी वाट दाखवतात ती त्या लोकांमुळे. ती बघा. काही खाणींत तिथे दोरी ताणलेली असते आणि तिच्यावर शंकू ओवलेले असतात. धुरात काही दिसत नसताना हात दोरीवरून सरकवत जायचे : शंकूच्या उतारावरून हात सहज घसरला तर तुम्ही बाहेर चालला आहात, सपाट कडेला अडला तर उलट दिशेने.

प्रश्न : खाणीच्या भिंती काळ्या असतील असे वाटले होते, पण त्या पांढुरक्या दिसल्या. चुना मारतात का? — एक वाचक

उत्तर : चुनखडीची भुकटी असते ती, आणि रंगासाठी नसते. कोळशाची बारीक धूळ स्वतःच स्फोटक आहे. छोटासा गॅसस्फोट झाला की त्याचा धक्का पुढे धावतो, साठलेली धूळ उडवतो, मागून येणारी ज्वाला ती पेटवते, आणि हा प्रकार किलोमीटरच्या किलोमीटर जातो. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कुरियेर खाणीत असेच झाले. १०९९ माणसे गेली. वीस दिवसांनी तेराजण आतून चालत बाहेर आले, आणि त्यानंतरही एकजण जिवंत सापडला.

धुळीवर पुरेशी चुनखडी पसरलेली असली की तीही सोबत उडते, ज्वालेची उष्णता शोषते आणि आग पुढे सरकत नाही. उपाय शंभर वर्षांपासून माहीत आहे, स्वस्त आहे. तरी ५ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतल्या अप्पर बिग ब्रँच खाणीत २९ जण गेले. चौकशीत दिसले की कोळशाची धूळ साठू दिली होती आणि चुनखडी कमी पडली होती. याचा मला आजही संताप येतो. म्हणून पाहुण्यांना सांगतो : भिंतीवर बोटाने नाव कोरू नका, आणि भिंत काळी दिसली तर सोबतच्या अधिकाऱ्याला कारण विचारा.

प्रश्न : छत कोसळण्याची फार भीती वाटते. ते कशावर उभे असते? — एक वाचक

उत्तर : एका पद्धतीत कोळशाचेच खांब सोडून मधल्या गल्ल्या काढतात. गल्लीच्या छतात भोके पाडून पोलादी सळया रेझिनने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, पक्क्या बसवतात, म्हणजे खडकाचे पातळ थर एकमेकांना आवळले जाऊन एकच जाड तुळई होते. अनुभवी माणूस लोखंडी काठीने छत ठोकतो. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथे थांबायचे नाही. दुसऱ्या पद्धतीत, लाँगवॉलमध्ये, कोळशाच्या लांबलचक तोंडासमोर हायड्रॉलिक आधारांची रांग असते. यंत्र कोळसा कापत जाते, आधार एकेक करून पुढे सरकतात आणि मागचे छत मुद्दाम पडू देतात. तो गडगडाट पहिल्यांदा ऐकणारा घाबरतोच. खरे तर तो आवाज अपेक्षित असतो. छत बराच काळ पडलेच नाही, की अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या येतात. तुम्ही फक्त आधार दिलेल्या छताखाली उभे राहायचे, एक पाऊलही पुढे नाही.

प्रश्न : मला दमा आहे आणि बंद जागेची भीतीही वाटते. — एक वाचक

उत्तर : दम्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आधी, आणि खाणीला खरे ते सांगा. भीतीचे मात्र लपवू नका. खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात, म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये, शिरण्याआधी “मला यायचे नाही” म्हणणे सोपे असते आणि त्यात कमीपणा नाही. खाली गेल्यावर तुम्हाला परत आणायला कुणाला तरी काम सोडून यावे लागते.

प्रश्न : आम्ही उघडी खाण बघणार आहोत. तिथे हे काही नसेल ना? — एक कुटुंब

उत्तर : गॅसची धास्ती खूपच कमी, पण तिथले मुख्य संकट चाकांवर असते. शंभर टनांहून अधिक माल नेणारा डंपर चालवणाऱ्याला आपल्या पुढ्यातली आणि विरुद्ध बाजूची बरीच जमीन दिसतच नाही. त्या पट्ट्यात अख्खी जीप गडप होते. म्हणून पाहुण्यांच्या गाडीवर उंच काठीला झेंडा आणि लुकलुकणारा दिवा लावतात. चालक थांबला, त्याने रेडिओवर होकार दिला, तरच जवळ जायचे. रस्त्याच्या कडेला मातीचा बांध असतो, निदान मोठ्या चाकाच्या आसाइतका उंच. त्यावर चढून फोटो काढू नका. कड्याच्या टोकाशी नको आणि पायथ्याशीही नको. सुरुंगाचा भोंगा वाजला की सांगितलेल्या जागी गाडीत थांबा.

मातीच्या ढिगाऱ्यांवर मुलांना खेळू देऊ नका. वेल्समधल्या ॲबरफानला २१ ऑक्टोबर १९६६ रोजी झऱ्यांवर रचलेला खाणीचा ढिगारा ओला होऊन घसरला आणि शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले होती.

प्रश्न : अडकलेल्यांना बाहेर काढता येते का, की फक्त कथा? — एक वाचक

उत्तर : येते. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरले. सहाजण गेले, पण ६५ जण उंचावरच्या भागात जिवंत होते. वरून माणूस मावेल एवढे भोक पाडून पोलादी कुपी खाली सोडली. अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः तिच्यातून उतरले आणि एकेकाला वर पाठवत राहिले. सगळे ६५ वाचले. आत किती माणसे आहेत आणि साधारण कुठे आहेत हे माहीत असल्याशिवाय भोक कुठे पाडायचे हेच ठरत नाही.

प्रश्न : भेट संपली, आम्ही निघालो आणि मला दिलेला क्रमांकाचा बिल्ला चुकून खिशात राहिला. दोन तासांनी खाणीतून फोन आला, आवाज चढलेला. एका बिल्ल्यासाठी एवढे? — एक पाहुणे

उत्तर : त्या दोन तासांत खाणीच्या हिशोबी तुम्ही खालीच होता. उतरताना जितके बिल्ले दिले तितके परत आले नाहीत, तर एक माणूस खाली राहिला असेच धरतात. पाळीचा अधिकारी खालच्या प्रत्येक ठाण्यावर फोन लावत असणार, तुम्ही शेवटचे कुणाला दिसलात ते विचारत असणार. त्याच वेळी खाली आग लागली असती, तर बचाव पथक श्वसनयंत्रे बांधून तुमच्यासाठी त्या हवेत शिरले असते. बचावकार्यात बचाव करणारेच गेल्याच्या घटना खाणींच्या इतिहासात अनेक आहेत. चढलेल्या आवाजामागे ती काळजी होती, तिचा राग मानू नका.

बिल्ला अजून तुमच्याकडे असेल तर पोस्टाने पाठवू नका. आधी फोन करून क्रमांक सांगा, मग स्वतः नेऊन द्या आणि नोंदवहीत तुमच्या नावापुढे परतीची वेळ लिहिली गेली की नाही ते बघून या.